व्हेर्मोचा पोटमाळा

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात ल लोक्ल नावाचं गाव आहे. हे गाव आणि शेजारचं ला शो-द-फाँ पिढ्यान् पिढ्या घड्याळांवर जगली. २००९ साली युनेस्कोने दोन्ही गावांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही त्याचसाठी. पण यांत्रिक घड्याळांचे शौकीन ल लोक्लला येतात ते झेनिथच्या कारखान्यातला एक पोटमाळा बघायला.

या माळ्याची गोष्ट सांगायची तर आधी यंत्राची ओळख हवी. झेनिथ ही १८६५ सालची कंपनी. जानेवारी १९६९ मध्ये तिने ‘एल प्रिमेरो’ नावाचं यंत्र जाहीर केलं. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारा क्रोनोग्राफ, म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, तोवर कोणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी जपानची सेको आणि हॉयर-ब्राइटलिंग वगैरे मंडळींचा गटही असंच यंत्र घेऊन पुढे आला. पहिला मान कोणाचा, यावर शौकीन अजून हमरीतुमरीवर येतात. मला त्या वादात फारसा रस नाही. एल प्रिमेरोची खरी करामत तिच्या वेगात आहे. त्या काळच्या बऱ्याचशा घड्याळांचे ठोके तासाला १८,००० किंवा २१,६०० असत, हिचे ३६,०००. सेकंदाला दहा ठोके, म्हणून सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. एवढ्या वेगात साधं तेल चाकावर टिकत नाही, उडून जातं. म्हणून काही भागांना कोरडं वंगण द्यावं लागलं. हे सगळं बसवलं साडेसहा मिलिमीटर जाडीत.

घड्याळाचं मागचं झाकण काचेचं असेल तर हा कारभार डोळ्यांनी दिसतो. बॅलन्स व्हील उलटसुलट झोके घेत असतं, त्याच्या मधोमध केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग आकसते, फुलते. कळ दाबली की छोटे खांब असलेलं एक चाक एक घर पुढे सरकतं, त्यावर टेकलेली पट्टी खांबांमधल्या खाचेत पडते आणि थांबलेला काटा पळू लागतो. घड्याळाचं वेड लागतं ते बहुधा इथे. कॅटलॉगमधली किंमत वाचून माणसाला हाव सुटते. वेड लागायला झाकणाआड डोकवावं लागतं.

एल प्रिमेरोचं नशीब मात्र खोटं. १९६९ च्याच डिसेंबरात सेकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं. सुरुवातीला त्याची किंमत छोट्या मोटारीएवढी होती, पण बघता बघता क्वार्ट्झ स्वस्त झालं. चांगलं यांत्रिक घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतं, क्वार्ट्झ महिन्याला तेवढं होतं. स्विस घड्याळ-धंद्यातल्या साधारण नव्वद हजार नोकऱ्या पुढच्या दीड दशकात तिसऱ्या हिश्शावर आल्या. झेनिथ तेव्हा शिकागोच्या एका रेडिओ-टीव्ही कंपनीच्या ताब्यात होती. योगायोगाने तिचंही नाव झेनिथच. १९७५ मध्ये मालकांचा हुकूम आला: यांत्रिक घड्याळं बंद, हत्यारं आणि यंत्रं वजनावर विकून टाका.

शार्ल व्हेर्मो हा क्रोनोग्राफ विभागातला मुख्य कारागीर. त्याने वरिष्ठांना पत्र लिहून विनवलं, उपयोग झाला नाही. मग त्याने कोणाला न विचारता साचे, कापणीची हत्यारं, कॅम असं सगळं थोडं थोडं करून जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर नेलं. प्रत्येकावर खूण केली आणि कोणत्या कामाला कोणतं हत्यार, हे वहीत लिहून ठेवलं. मला या माणसाचं खरं कौतुक वाटतं ते वहीसाठी. हत्यारं भावनेच्या भरात कोणीही लपवील; उद्या दुसऱ्या कोणाला ती वापरता यावीत म्हणून टिपणं काढायला कामावर वेगळाच विश्वास लागतो.

तो विश्वास १९८४ मध्ये फळाला आला. मालक बदलले होते, यांत्रिक क्रोनोग्राफला पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागलं होतं. नव्याने हत्यारं घडवायची तर खर्च अफाट. व्हेर्मोने माळा दाखवला आणि उत्पादन परत सुरू झालं. त्यानंतर रोलेक्सने आपल्या ‘डेटोना’साठी हेच यंत्र घेतलं. १९८८ मध्ये आलेल्या त्या घड्याळात पुष्कळ भाग बदलले होते आणि वेगही २८,८०० वर उतरवला होता. २००० साली रोलेक्सने स्वतःचं यंत्र आणलं, आणि मधल्या बारा वर्षांतली घड्याळं संग्राहकांमध्ये ‘झेनिथ डेटोना’ म्हणून वेगळी ओळखली जाऊ लागली.

अचूकतेची शर्यत हरल्यावरच यांत्रिक घड्याळं संग्रहाची वस्तू झाली. वेळ बघायला ज्याची गरज उरली नाही त्याच्याकडे माणूस निवांत बघू लागतो. आपल्याकडेही एचएमटीची ‘जनता’ आणि ‘पायलट’ कोणी हौसेने शोधत नव्हतं, जोवर ती दुकानात मिळत होती. आता लोक जुन्या बाजारात ती शोधतात आणि तबकडी मूळची की नव्याने रंगवलेली, यावर घासाघीस करतात. हौसेत सट्टाही शिरलाय, हे नाकारण्यात अर्थ नाही. हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनची डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली, आणि तेव्हापासून पुष्कळांना घड्याळ मुदत ठेवीसारखं दिसायला लागलं. तिजोरीत बंद ठेवलेल्या घड्याळातलं तेल मात्र सुकायचं ते सुकतंच.

झेनिथने २०२१ मध्ये काढलेल्या ‘क्रोनोमास्टर स्पोर्ट’मध्ये मधला काटा दहा सेकंदांत पूर्ण फेरी मारतो, सेकंदाचा दशांश तबकडीवर सरळ वाचता येतो. घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना दशांश मोजायचा असेल. बाकीचे कळ दाबून काटा पळवतात, थांबवतात आणि पुन्हा शून्यावर आणतात.