तुर्क म्हणजे अरब नव्हेत

बरेच जण विचारतात, तुर्क म्हणजे अरबच ना? अजिबात नाही. तुर्कांचं मूळ मध्य आशियाच्या गवताळ मुलखात. त्यांच्या भाषेचे आठव्या शतकातले शिलालेख मंगोलियात ओरखोन नदीकाठी आहेत. तेव्हा ते आकाशदेव तेंग्रीला भजत. इस्लाम साधारण दहाव्या शतकापासून आला, आणि १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर ते आजच्या तुर्कस्तानात पसरले.

भाषेचं अरबीशी नातं नाही, उसने शब्द मात्र पुष्कळ. शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडायचे, ही तिची रीत. 'तोप'ला 'ची' लावा, की तोप चालवणारा. तोच आपला तोफची! मशालची, खजानची त्याच साच्यातले. मशाल अरबी, 'ची' तुर्की. तुर्कीत आजही 'ओर्दू' म्हणजे फौज. आपली 'उर्दू' त्यातूनच. आम्हा फौजींना हे आवडणारच. आमच्या पाटनजवळ, जबलपूरला, १९०४ पासून तोफांचे गाडे बनतात. विजापूरची मुलूखमैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, तीही एका रूमीने. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला.

१९२८ साली अतातुर्कने अरबी लिपी सोडून रोमन आणली. राजधर्माचं कलमही त्याच वर्षी घटनेतून गेलं. लोक मुसलमानच राहिले. बहुतेक सुन्नी, शिवाय अलेवी.