साखर मागितली, तर नाही म्हणू नका

आज मी साखरेच्या आजाराबद्दल बोलणार आहे. पण शुगर वाढते तेव्हा काय होतं, ते तुम्ही बऱ्याचदा ऐकलंय. आज बोलायचंय ते शुगर एकदम कमी होते त्याबद्दल. आणि सुरुवात माझ्याच घरातल्या एका चुकीपासून करते.

तेव्हा मी आशाताई झाले नव्हते. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, शुगरची गोळी चालू होती. संकष्टी चतुर्थीचा दिवस होता. आत्यांनी सकाळी नेहमीसारखी गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला आणि उपास धरला. दुपारी दोन घास भगर खाल्ली न खाल्ली. वर शेंगा फोडायला बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. चंद्रोदय व्हायला रात्रीचे नऊ वाजणार होते.

दिवेलागणीला आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सूनबाई, गुळाचा खडा दे गं जरा." मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला गोड बंद सांगितलंय ना? डॉक्टर मला रागावतील." त्या गप्प बसल्या. थोड्या वेळानं उगाचच नातवावर खेकसल्या. मला वाटलं, उपासानं चिडचिड होतेय. मग बघते तर थंडीचे दिवस असूनही त्यांचं लुगडं घामानं भिजलेलं. त्या वारलेल्या बहिणीला हाका मारायला लागल्या. शेजारणी जमल्या. कुणी म्हणालं, बाधा झाली. कुणी लिंबू आणायला धावलं.

नशीब एवढंच, की उपकेंद्राच्या नर्सबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांनी बोटाला सुई टोचून मशीनवर पाहिलं. शुगर होती ४४. आत्यांना गिळता येत होतं, म्हणून त्यांनी ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत आत्या शुद्धीवर बोलायला लागल्या. म्हणाल्या, "एवढी माणसं का जमलीत?"

आत्यांच्या शरीरानं गूळ मागितला होता. शरीराला बरोबर कळलं होतं. मी नाही म्हटलं.

शुगर कमी का होते?

आपण जेवतो त्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते आणि तिथून सगळ्या शरीराला मिळते. हातापायांच्या स्नायूंकडे थोडा साठा असतो. मेंदूकडे मात्र कोठार नाही. मेंदूचं हातावर पोट. रक्तातून साखर येईल तशी तो वापरतो. आली नाही, की त्याचं काम बिघडतं.

शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, की ते आपलं काम करतच राहतं. तुम्ही जेवलात की नाही, हे त्याला कळत नाही. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, जेवायला उशीर झाला, रोजच्यापेक्षा जास्त मेहनत झाली, उलट्या-जुलाब झाले, चुकून दोनदा औषध घेतलं, किंवा घरातल्या पुरुषानं उपाशीपोटी दारू घेतली, तर शुगर खाली येते. म्हातारपणी आणि मूत्रपिंड अधू असेल तर औषध शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून त्यांना धोका जास्त.

मशीनवर ७० पेक्षा कमी आकडा आला, की शुगर कमी झाली असं समजायचं आणि लगेच उपाय करायचा. ५४ च्या खाली गेली तर ती फारच कमी.

सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर शुगर अशी घसरणं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन, यांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. आपल्याकडे अनेकांना एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. त्यामुळे गोळीचं पाकीट उपकेंद्रात किंवा डॉक्टरांना दाखवून सरळ विचारा, "या गोळीनं शुगर एकदम उतरू शकते का?"

कसं ओळखायचं?

याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शरीर हाका मारतं. दरदरून घाम येतो, आणि तो उन्हाचा किंवा कामाचा नसतो. हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. छातीत धडधडतं. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. ओठांना मुंग्या येतात. जीव घाबरा होतो, चेहरा पांढराफटक पडतो.

या पायरीवर बाईला स्वतःला कळतं. तेव्हाच साखर खाल्ली तर गोष्ट तिथंच संपते.

दुसऱ्या पायरीवर मेंदूला साखर कमी पडायला लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते, एकाचे दोन दिसतात. डोकं दुखतं. जीभ अडखळते. बाई विनाकारण चिडते, रडते, नाहीतर भलतंच बोलते. चालताना झोक जातो. पुरुष माणूस असेल तर लोक म्हणतात, दारू प्यायलाय. बाई असेल तर म्हणतात, अंगात आलंय. पुढे झटके येतात, बेशुद्धी येते, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर जीवही जातो.

दुसऱ्या पायरीवर तिला स्वतःला काही सुचत नाही. साखरेचा डबा समोर असला तरी हात जात नाही. कधीकधी ती "मला काही झालं नाही" म्हणून भांडते. म्हणून ही लक्षणं एकट्या पेशंटला माहीत असून भागत नाही. सुनेला, मुलाला, शेजारणीला, शेतात बरोबर काम करणाऱ्या बाईला, सगळ्यांना माहीत हवीत.

रात्री झोपेतही शुगर कमी होते. सकाळी अंथरूण घामानं ओलं असेल, वाईट स्वप्नं पडली असतील, उठल्यावर डोकं जड असेल, तर डॉक्टरांना सांगा. काही जणांना पहिल्या पायरीच्या हाका ऐकूच येत नाहीत. आजार खूप जुना असेल किंवा शुगर वारंवार कमी होत असेल तर असं होतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. त्यामुळे घामाकडे दुर्लक्ष करू नका.

काय करायचं?

आधी साखर, मग बाकी सगळं. मशीन असेल तर तपासा. नसेल तर तपासणीसाठी थांबू नका. शंका आली तरी साखर द्या. समजा शुगर कमी नव्हतीच, तर तीन-चार चमचे साखरेनं ती थोडी वाढेल, एवढंच. पण खरंच कमी असेल आणि आपण वाट बघत बसलो, तर जिवाशी खेळ होतो.

किती द्यायची? साधारण १५ ग्रॅम. म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून. किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. किंवा छोट्या आवळ्याएवढा गुळाचा खडा, किंवा मोठा चमचाभर मध, किंवा अर्धा पेला फळांचा रस. मग १५ मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही, किंवा मशीनवर अजूनही ७० च्या खालीच असेल, तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची. तरीही फरक पडला नाही तर दवाखाना गाठायचा. बरं वाटलं, की भाकरी-भाजी, पोहे, दूध-केळं असं काहीतरी पोटभरीचं खायचं. नाहीतर शुगर परत घसरते.

पेढा, लाडू, चॉकलेट यांत तूप-तेल असतं, त्यामुळे त्यांची साखर रक्तात सावकाश उतरते. बिस्कीट आणि चपातीलाही वेळ लागतो. ती नंतर द्या. आणि शुगर फ्री गोळीचा इथं काहीच उपयोग नाही, तिच्यात साखरच नसते.

आणखी एक गोष्ट पाकिटावर बघा. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर घरातली साखर पचायला वेळ लागतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच द्यायला हवी. ती मेडिकलच्या दुकानात मिळते. एक पुडा घरात आणून ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, चमचाही नाही. ते श्वासाच्या नळीत जाऊ शकतं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. माणसाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि सांगा, "साखरेचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे." दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात.

आणि ज्यांची शुगर गोळीमुळे अशी फार खाली गेली, त्यांना बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. गोळीचा असर तासन् तास राहतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. आमच्या आत्यांना त्या रात्री दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. पहाटे त्यांची शुगर परत खाली आली. घरी असतो, तर आम्ही सगळे झोपेत असतो.

उपास आणि शेतातलं काम

आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, असे उपास चालूच असतात. उपास करू नका असं सांगायला मी आले नाही. पण उपासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवशी गोळी किती घ्यायची, कधी घ्यायची. काही जणींना डोस कमी करून देतात, काही जणींना उपास नकोच म्हणतात. आपल्या मनानं गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. त्यानं शुगर वाढून दुसरंच संकट येतं. आणि उपासात घाम फुटला, हात कापले, तर चंद्राची वाट बघू नका. तिथंच साखर खा, उपास सोडा. देव रागावत नाही.

खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोडणी, वारीतलं चालणं, यात शरीर जास्त साखर वापरतं. त्याचा परिणाम रात्रीपर्यंत राहू शकतो. पहाटे उपाशीपोटी इन्सुलिन टोचून शेतात जाऊ नका. आधी न्याहारी करा. ज्या दिवशी चालायचं खूप असेल, त्या दिवशी इन्सुलिन मांडीत घेऊ नका, पोटावर घ्या. पाय राबले, की मांडीतलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं. आणि फडक्यात भाकरी बांधता, तशी साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत ठेवा.

असं एकदा झालं, की काही जणी घाबरून औषधच सोडतात. तसं करू नका. वाढलेली शुगर डोळे, मूत्रपिंड, पाय पोखरते. औषध सोडायचं नाही, कधी झालं, काय खाल्लं होतं, काय काम केलं होतं, हे डॉक्टरांना सांगून डोस ठीक करून घ्यायचा.

पुढच्या मीटिंगला एवढं करा

गटात किंवा घरात कुणाला साखरेचा आजार आहे, ते एकमेकींना सांगा. यात लाजायचं काही नाही. प्रत्येकीनं आपल्या गोळीचं पाकीट आशाताईला दाखवा. साखरेच्या पुड्या तिथंच बांधा, एक घरी, एक शेतावरच्या पिशवीत. आणि प्रत्येकीनं तीन माणसांना सांगून ठेवा, "मी घामाघूम होऊन वेड्यासारखी बोलायला लागले, तर आधी मला साखरेचं पाणी पाजा. मी नको म्हटलं तरी पाजा. बेशुद्ध पडले तर मात्र तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा."

आमच्या आत्या आजही संकष्टीला चंद्र बघतात. पण दुपारी पोटभर खाऊन, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेऊन. त्यांच्या कनवटीला ग्लुकोजची पुडी असते. नातवाला त्यांनी शिकवून ठेवलंय, "आजीनं गूळ मागितला, की आईला विचारायला जायचं नाही. आधी आणून द्यायचा."

मी ऐकते आणि हसते. पण ते माझ्यासाठीच आहे, हे मला माहीत आहे.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या, एकमेकींकडे लक्ष ठेवा. नमस्कार.