गिरणगावचं रंगखातं आणि न दिसणारा सैनिक

दादर चौपाटीवर चैत्यभूमीला लागून साडेबारा एकरांची एक जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक तिथे उभं राहतं आहे आणि मुंबईकर त्या जागेला अजून इंदू मिल म्हणतात. कागदोपत्री ती इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. गिरणगावातल्या इतर गिरण्यांत साचे, म्हणजे माग, धडधडत होते, तेव्हा या गिरणीचं काम मुख्यतः रंगाचं होतं. १९४३ मध्ये ससूनच्या गिरण्या अग्रवाल गटाकडे जाऊन इंडिया युनायटेड हे नाव लागलं. त्याआधी इथे ई. डी. ससून कंपनीचा ‘टर्की रेड’चा कारखाना होता. टर्की रेड म्हणजे सुती कापडावर मंजिष्ठेचा, आणि पुढे कृत्रिम अलिझरिनचा, बसवलेला पक्का लाल रंग.

सैन्याच्या गणवेशाची गोष्टही लालपासूनच सुरू होते. ब्रिटिश शिपायाचा डगला मंजिष्ठेने रंगवलेला असे, आणि तो उठून दिसावा हाच हेतू होता. जुन्या बंदुकीच्या दारूचा धूर इतका दाट व्हायचा की स्वतःची पलटण कुठे उभी आहे हे सेनापतीला कळायला भडक रंगच हवा. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि ही गरज संपली. रायफलचा पल्ला वाढला, अधिकाऱ्यांच्या गळ्यात दुर्बिणी आल्या, आणि लाल डगल्यातला माणूस कोसावरून टिपता येऊ लागला. योगायोग असा की त्याच १८८४ साली लँकशायरमधल्या अॅक्रिंग्टन गावच्या फ्रेडरिक गॅटी यांनी न उतरणाऱ्या खाकीचं पेटंट घेतलं. गॅटी यांचा घरचा धंदा टर्की रेडचाच.

खाकी त्याआधीही होती. १८४६ नंतर पेशावरकडच्या गाइड्स पलटणीत हॅरी लम्सडेन यांनी मळकट रंगाचे कपडे आणले. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहात, शाईत, मातीत, हाताला लागेल त्यात बुडवले. १८६७-६८ च्या अॅबिसिनियाच्या मोहिमेला फौज निघाली ती मुंबई बंदरातून. तिचे प्रमुख रॉबर्ट नेपियर हे मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. त्या मोहिमेतही खाकी होती. पण हे सगळे रंग कच्चे. चार धुण्यांत एक शिपाई पिवळट, दुसरा राखाडी, तिसरा जवळजवळ पांढरा. ओळीतला एक जण वेगळा दिसला तरी सगळी ओळ दिसते. त्यामुळे लपण्याच्या या विद्येत रंगाच्या छटेइतकंच महत्त्व रंगाच्या पक्केपणाला आलं, आणि ते काम रंगाऱ्याचं.

गॅटींच्या खाकीला ‘मिनरल खाकी’ म्हणतात. आज आपण ज्याला रंग म्हणतो तसा सेंद्रिय रंग तिच्यात नसतोच. कोऱ्या कापडाची खळ काढायची, ते उकळून स्वच्छ करायचं, मग लोखंड आणि क्रोमियम यांच्या क्षारांच्या पाण्यातून काढून मँगलच्या रुळांत पिळायचं. यात कापडाने ओलावा सगळीकडे सारखा घेतला पाहिजे. जिथे जास्त राहील तिथे पट्टा उमटतो. मग वाळवण, आणि त्यानंतर कॉस्टिक सोडा व धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी. त्यात पडताच धाग्याच्या आत शिरलेल्या क्षारांचं ऑक्साइड होतं आणि ते तिथेच अडकून बसतं. लोखंडाचा भाग तांबूस, म्हणजे साधा गंजच. क्रोमियमचा भाग हिरवट. दोघांचं प्रमाण बदललं की वाळवंटी पिवळटपासून हिरव्या खाकीपर्यंत छटा मिळतात. पाण्यात विरघळेल असं कापडात काही उरतच नसल्याने तो रंग धुऊन जात नाही. ऊन आणि बुरशी यांपासूनही तो सुताला सांभाळतो, म्हणून तंबू आणि ताडपत्र्यांसाठी तो फार वापरला गेला. किंमत एवढीच की कापड कडक होतं आणि शिवताना सुया लवकर झिजतात. धाग्याच्या पोटात खनिजाची कणी असल्यावर दुसरं काय होणार!

लष्करी खाकीत मोठी नावं कानपूरची आणि मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलची, हे मान्य करायला हवं. पण दोन्ही महायुद्धांत मुंबईच्या गिरण्याही या कामाला जुंपल्या गेल्या. १९१७ मध्ये इंडियन म्युनिशन्स बोर्ड आलं आणि सरकारी कापडाच्या मागण्या त्याच्यामार्फत येऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात तर परळ-लालबागच्या गिरण्यांना रातपाळीतही उसंत नव्हती. लष्कराचा हिस्सा इतका मोठा झाला की बाजारात साध्या धोतर-लुगड्याचा तुटवडा पडला, आणि जून १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. वाळवंटातली खाकी ब्रह्मदेशाच्या जंगलात उठून दिसत होती. म्हणून तयार खाकी हिरव्या रंगात पुन्हा बुडवून ‘जंगल ग्रीन’ केली गेली. घाईत रंगवलेलं ते हिरवं पावसाळ्यात टिकेना. आघाडीवरच्या माणसाचा जीव रंगखात्यातल्या कामावर किती अवलंबून असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

हे काम हातच्या सवयीवर किती काळ चालणार? शिक्षणाची सोय जवळच झाली होती. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेली व्हीजेटीआय, तिच्यासोबतची रिपन टेक्स्टाइल स्कूल, हे सगळं १९२३ मध्ये माटुंग्याला आलं. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तीच यूडीसीटी, आजची आयसीटी. पहिल्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायन होतं, कारण शेजारच्या गिरण्यांना त्याच माणसांची गरज होती. १९३८ मध्ये के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर गेला. दादरहून चालत जाता येईल अशा अंतरावर बसून एका माणसाने साऱ्या जगातल्या रंगांची शिस्तशीर मांडणी केली, ही मुंबईने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. गिरण्यांवर लिहिणाऱ्यांनी संप, चाळी, भोंगे यांवर भरपूर लिहिलं. रंगखातं मात्र त्या लिखाणात जवळजवळ नाहीच.

पुढची उलथापालथ नजरेच्या बाजूने झाली. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पाहतो. त्यापलीकडे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. हिरवं पान आपल्याला हिरवं दिसतं, पण हिरव्या प्रकाशाचा ते जेमतेम दहावा भाग परत पाठवतं. ७०० च्या पुढे मात्र तेच पान एकदम उजळतं आणि पडलेल्या प्रकाशाचा निम्म्याच्या आसपास भाग परतवतं. दुसऱ्या महायुद्धात हेरगिरीच्या विमानांसाठी अशी फिल्म निघाली की तिच्यावर जिवंत झाडोरा लाल उमटे आणि हिरव्या रंगाने झाकलेली तोफ निळसर. डोळ्याला फसवणारा हिरवा फिल्मपुढे उघडा पडला. १९४५ मध्ये जर्मनांनी ‘व्हॅम्पीर’ आणि अमेरिकेने ओकिनावात स्नायपरस्कोप या अवरक्त दुर्बिणी रायफलींवर बसवल्या. व्हिएतनामपर्यंत नुसत्या चांदण्यावर चालणाऱ्या दुर्बिणी आल्या.

अशी दुर्बीण महाराष्ट्रातही बनते. पुण्याजवळ भोसरीला १९९० मध्ये डच कंपनीच्या भागीदारीत सुरू झालेला आणि आता पूर्णपणे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा असलेला कारखाना तिच्यातली नळी, म्हणजे इमेज इंटेन्सिफायर ट्यूब, तयार करतो. नळीच्या तोंडाशी प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणारा पातळ थर असतो. त्यामागे काचेची चकती, तिला लाखो सूक्ष्म छिद्रं, एकेक छिद्र काही मायक्रॉनचं. इलेक्ट्रॉन त्या छिद्राच्या भिंतीवर आपटत पुढे जातो आणि दर टकरीत नवे इलेक्ट्रॉन सुटतात. शेवटी स्फुरदीप्त पडद्यावर हजारो पटींनी उजळलेलं हिरवट चित्र उमटतं. रात्रीच्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशात लाल आणि अवरक्ताचा वाटा मोठा. म्हणजे ही नळी नेमकी तिथेच पाहते जिथे पान उजळ असतं. समोरच्या शिपायाचा गणवेश तिथे काळा असला, तर उजळ झुडपापुढे त्याची आकृती कोरल्यासारखी दिसते. फारच उजळ असला, तर गर्द सावलीत तो पांढरा दिसतो.

याचा पुरावा शोधायला सीमेवर जावं लागत नाही. परळच्या कुठल्याही टॉवरच्या वॉचमनच्या केबिनमधला सीसीटीव्हीचा पडदा रात्री पाहा. दिवे मालवले की कॅमेरा अवरक्त दिव्यावर चालू लागतो आणि काळा शर्ट घातलेला रहिवासी अनेकदा पांढऱ्या शर्टात आत येताना दिसतो. त्या शर्टाचा काळा रंग ७०० नॅनोमीटरपर्यंतच काळा. पुढे तो जवळजवळ पारदर्शक.

तेव्हा रंगाऱ्यापुढचा प्रश्न बदलला. छटा डोळ्याला बरोबर हवी आणि अवरक्तातही परावर्तन ठरलेल्या दोन रेषांच्या मधे बसायला हवं. इथे व्हॅट रंग कामी आले. १९०१ मध्ये बीएएसएफच्या रेने बोन यांनी इंडॅन्थ्रीन शोधलं, तिथून हे कुळ वाढलं. त्यातले ऑलिव्ह ग्रीन बी, ऑलिव्ह टी, खाकी टू-जी यांसारखे रंग मोठमोठ्या, एकमेकांत जुळलेल्या कड्यांच्या रेणूंचे असतात. त्यांची शोषणरेषा ७०० नॅनोमीटरला एकाएकी तुटत नाही, हळूहळू उतरते. दोन-तीन रंगांचं प्रमाण जुळवलं की ती पानाच्या रेषेजवळ आणता येते. रणगाड्यांच्या रंगासाठी क्रोमियम ऑक्साइडचं हिरवं रंगद्रव्य वापरतात, कारण तेही अवरक्तात पानासारखं उजळतं. गॅटींच्या खाकीतला क्रोमियम अशा रीतीने पुन्हा उपयोगी पडला.

व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून जिगर या रंगवण्याच्या यंत्रावर तागा चढवतात. एका रुळावरून दुसऱ्यावर, मधे रंगाचं कुंड, मग उलट फेरी. कुंडात कॉस्टिक आणि ‘हायड्रो’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घातलं की रंगाचं रूपांतर विरघळणाऱ्या अवस्थेत होतं, आणि त्या अवस्थेत त्याची छटा भलतीच असते. नवख्याला वाटतं चुकीचा रंग पडला. कुंडातून वर येणाऱ्या कापडाला हवा लागली की ऑक्सिजनमुळे रंग मूळ रूपात येतो आणि धाग्यात कायमचा कोंडला जातो. हायड्रो कमी पडलं तर रंग अर्धवट विरघळतो आणि काठ एका छटेचा, मध्य दुसऱ्या छटेचा होतो. शेवटी साबणाच्या उकळीतून काढल्याशिवाय छटा ठरत नाही, कारण त्या उकळीत रंगाचे कण धाग्याच्या आत जुळून येतात. तोपर्यंत नमुन्याशी ताडून पाहायचं नाही, ही रंगखात्यातली शिस्त. हायड्रोचा उग्र दर्प, पायाखालचं ओलं, कॉस्टिकने भाजणारी बोटं, आणि यात उभं राहून छटेतला केसभर फरक ओळखणारी नजर! त्या नजरेला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. तिच्या भरवशावर मात्र हजारो वारांचे लॉट पास होत गेले.

टेरिकॉट आल्यावर अडचण वाढली. त्यातलं सूत व्हॅट रंग घेतं, पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतात, आणि हे रंग बहुतेक अवरक्तात पारदर्शक. त्यामुळे एकाच कापडातला अर्धा धागा लपतो आणि अर्धा चमकतो. त्यावर तोडगा म्हणून पॉलिएस्टरमध्ये काजळीचे अतिसूक्ष्म कण अगदी अल्प प्रमाणात घालतात. थोडे जास्त झाले तरी सगळा गणवेश रात्री काळा. घरच्या धुण्यातही सापळा आहे. कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीतला उजळपणाचा घटक अतिनील प्रकाशात चकाकतो, म्हणून तिने लष्करी गणवेश धुऊ नयेत असं सांगितलं जातं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगावची घडी कायमची विस्कटली. काम भिवंडी, सुरत, अहमदाबादकडे गेलं. साचे भंगारात गेले त्याचे फोटो आहेत. पण रंगखात्यांच्या शेडबुकांचं काय झालं? प्रत्येक छटेच्या कापडाचा चिकटवलेला तुकडा, त्याखाली रंगांचं प्रमाण, तारीख, लॉट, अशी ती वही. ती हरवली की कृती नव्याने बसवावी लागते, आणि मधली वर्षं नुसती चुका करण्यात जातात. एखाद्या गिरणीचा इतिहास तिच्या ताळेबंदापेक्षा त्या वहीत अधिक आहे असं मला वाटतं.

आता थर्मल कॅमेरे आले आहेत. ते ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यांत शरीराची उष्णताच पाहतात, तिथे ऑलिव्ह ग्रीनचं काही चालत नाही. त्यासाठी निराळे लेप आणि जाळ्या लागतात. जोधपूरची संरक्षण प्रयोगशाळा त्यावर काम करते. पण थर्मल कॅमेरा महाग, आणि साधी अवरक्त नजर आता ड्रोनपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे. म्हणून व्हॅट रंगांचं काम संपलेलं नाही. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला भारतीय सेनेने निफ्टने आखलेला नवा चट्ट्यापट्ट्यांचा गणवेश दाखवला. त्यातल्या ऑलिव्ह आणि मातकट छटांमागेही परावर्तनाचं गणित आहेच. माटुंग्याच्या आयसीटीत रंगद्रव्य आणि वस्त्रप्रक्रियेचे विभाग आजही चालू आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. तिथे साचा असेल, सूत कातण्याचं त्रासनखातं असेल, ते असायलाच हवं. एक चालू जिगरही असावं, कुंडासकट. आणि ज्यांच्या घरात पोटमाळ्यावर, ट्रंकेत जुनं शेडबुक पडलेलं असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी आयसीटीच्या किंवा व्हीजेटीआयच्या ग्रंथालयात नेऊन द्यावं.