चिपाडातील वीज आणि कार्बनचा ताळेबंद

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सूर्याची ऊर्जा आपल्या देहात साठवतात. या साठ्याला जैवभार म्हणजेच बायोमास म्हणतात. तो जाळल्यावर तोच वायू हवेत परततो, परंतु पुढचे पीक तो पुन्हा शोषून घेत असल्यामुळे हे चक्र अल्पकाळात पूर्ण होते. कोळसा जाळताना मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या कार्बनची वातावरणात नव्याने भर पडते.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत या तत्त्वाचा मोठा वापर होतो. एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २७० ते ३०० किलो ओलसर चिपाड, म्हणजे बगॅस, उरते. ते बॉयलरमध्ये जाळून तयार होणारी उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरल्यावर तीच वाफ उसाचा रस आटवण्यासाठी वापरली जाते. एकाच इंधनातून वीज व उष्णता मिळवण्याच्या या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला विकता येते.

तथापि, जैवभार आपोआप शाश्वत ठरत नाही. उसाला भरपूर पाणी लागते, नत्रयुक्त खतांतून नायट्रस ऑक्साइड हा प्रखर हरितगृह वायू सुटतो आणि शेतातील सर्व पाचट जाळले तर जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटतो. म्हणून ठिबक सिंचन, खतांचा नेमका वापर आणि पाचटाचे आच्छादन यांची जोड मिळाली, तरच ही वीज हवामानबदलाला दिलेले प्रामाणिक उत्तर ठरेल.