फरक पडला, पण गोळीमुळे?

सकाळी फिरून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर टेकणाऱ्या एका काकांच्या खिशात सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी असते. प्रत्येक कप्प्यात माशाच्या तेलाची पिवळीधमक कॅप्सूल आणि शेजारी व्हिटॅमिन 'डी'ची गोळी. 'मला तर बाबा फरक पडला,' काका सांगतात. पडलाही असेल. पण काका रोज चार किलोमीटर चालतात, विडी-सिगारेटला कधी शिवले नाहीत आणि रात्री मुगाची खिचडी खाऊन साडेनवाला झोपतात. श्रेय द्यायचं कोणाला?

संशोधकांपुढचा पेचही हाच. अशा गोळ्या घेणारे लोक बरेचदा मुळातच तब्येतीला जपणारे असतात. रक्तात 'डी' कमी असलेल्यांना आजार जास्त, असंही दिसतं. पण आजारी माणूस उन्हात जातच नाही, म्हणून 'डी' घटलं असेल तर? नुसत्या नोंदी चाळून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी खोटी गोळी लागते.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या जोअॅन मॅन्सन आणि सहकाऱ्यांनी 'व्हायटल' ही चाचणी याच पायावर उभी केली. पन्नाशीपुढचे पुरुष आणि पंचावन्नपुढच्या स्त्रिया, एकूण २५,८७१ माणसं. गोळ्यांची तारीखवार पाकिटं टपालाने घरी जायची. रोज दोन गोळ्या: एक 'डी'ची, २,००० युनिटची, दुसरी एक ग्रॅम माशाच्या तेलाची. मात्र निम्म्यांच्या 'डी'च्या गोळीत 'डी' नव्हतंच आणि निम्म्यांच्या दुसऱ्या कॅप्सूलमध्ये माशाऐवजी ऑलिव्हचं तेल होतं. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. घेणाऱ्याला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. म्हणजे काहींच्या दोन्ही गोळ्या खऱ्या, काहींच्या दोन्ही खोट्या आणि उरलेल्यांची कुठलीतरी एकच खरी. एका खर्चात दोन प्रश्न. मला तर निकालापेक्षा ही मांडणीच देखणी वाटते.

पाच वर्षांहून थोडा जास्त काळ हे चाललं. निकाल २०१८ मध्ये आला. 'डी' घेणाऱ्यांत ७९३ जणांना कर्करोग झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत ८२४ जणांना. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने झालेले मृत्यू मिळून ३९६ विरुद्ध ४०९. हाडांचा हिशेब २०२२ मध्ये लागला: ७६९ जणांची हाडं मोडली, तिकडे ७८२. गट जवळजवळ सारखेच मोठे, त्यामुळे एवढा फरक नशिबानेही पडतो. माशाचं तेलही मुख्य कसोटीवर उतरलं नाही. स्वतःच्याच शरीरावर उलटणारे संधिवातासारखे आजार मात्र 'डी'च्या गटात २२ टक्क्यांनी कमी दिसले. तेवढं पदरात पडलं.

'फायदा नाही तर नाही, अपाय तर नाही ना?' हे कट्ट्याचं आवडतं वाक्य. त्याला उत्तर फिनलंडने १९९४ मध्येच दिलं आहे. तिथे सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली आणि त्यांतल्या काहींना गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं. फुप्फुसाचा कर्करोग टळेल, ही आशा. झाला १८ टक्के जास्त.

मग म्हातारपण लांबवण्याचं काय? युरोपातल्या 'डू-हेल्थ' चाचणीत सत्तरीपुढच्या २,१५७ जणांना 'डी', माशाचं तेल आणि व्यायाम यांची वेगवेगळी जोडणी तीन वर्षं दिली होती. रक्तदाब, स्मरणशक्ती, हाडं यांवर ठळक परिणाम दिसला नाही. पुढे त्यांतल्या ७७७ जणांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजल्या, तेव्हा माशाच्या तेलाने शरीराचं 'घड्याळ' तीन वर्षांत तीन-चार महिन्यांनी मागे राहिल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. बातम्यांचे मथळे यावरच निघाले. पण घड्याळ मागे पडणं आणि जिना चढताना धाप न लागणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी अजून कोणी दाखवलेली नाही.

एक गोष्ट विसरायची नाही. 'व्हायटल'मधल्या बहुतेकांच्या रक्तात सुरुवातीलाच 'डी' पुरेसं होतं. भरल्या हंड्यात आणखी तांब्याभर ओतून काय कळणार? ज्याचा हंडा रिकामा, त्याला आपल्याकडे डॉक्टर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी देतात. तो उपचार, त्याचा या निकालाशी संबंध नाही.

काकांना विचारलं, 'तुमचं डी किती आहे?'

'तपासलं नाही कधी,' डबी खिशात टाकत ते म्हणाले. 'गरज काय? गोळी घेतोच आहे की.'