ठेकेदाराचं कोटेशन आणि विम्याचा दावा

गोडदेव परिसरातल्या कितीतरी इमारती महापालिकेपेक्षा वयानं मोठ्या आहेत. मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली २००२ साली. या इमारती त्याआधीच्या. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरं. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की तळमजल्यावर पाणी शिरतं, वर स्लॅब गळतो, आणि विमा असेल तर घरी दोन माणसं येतात: ठेकेदार आणि विमा कंपनीनं नेमलेला सर्व्हेअर. दोघंही तीच भिंत पाहतात. ती नवी करायला किती लागतील, हे ठेकेदार सांगतो. त्यातलं या घटनेनं किती मोडलं, हे सर्व्हेअर शोधतो. दावा अडकतो तो या दोन आकड्यांच्या मधे.

आधी पॉलिसी काय म्हणते ते पाहू. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या विकतात. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं तिच्यात येतं. विम्याची रक्कम ठरते ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी. जागेचा बाजारभाव तिथे मोजत नाहीत. समजा घर ४५० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर, आणि दर चौरस मीटरमागे २५,००० रुपये धरला, तर रक्कम साडेदहा लाखांच्या आसपास येते. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के संरक्षण, कमाल १० लाखांपर्यंत, वेगळी यादी न देता मिळतं.

या पॉलिसीत झीज येत नाही, आणि आपल्याकडचे निम्मे वाद इथेच होतात. वरच्या घरातला पाइप फुटून छताचं प्लास्टर पडलं तर दावा बसतो. तेच छत चार पावसाळे ओल धरून पोपडे टाकत असेल तर बसत नाही. गच्चीची गळती गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीनं दुरुस्त करायची, आणि इमारतीचा आग व भूकंपाचा विमाही सोसायटीनंच काढायचा असतो. म्हणून आपली पॉलिसी आणि सोसायटीची पॉलिसी शेजारी ठेवून वाचा.

नुकसान झालं की कंपनीला ताबडतोब कळवून दावा क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत हात बांधून बसायचं नसतं. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. पाणी उपसा, मेन स्विच बंद करा, ताडपत्री घाला. पण त्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि फुटलेला पाइप, जळालेली वायर, फुगलेलं प्लायवूड जपून ठेवा. ठेकेदाराची माणसं पहिल्याच दिवशी हे सगळं भंगारात घालतात. सर्व्हेअरला ते दाखवता येत नाही, आणि भंगाराची किंमत मात्र दाव्यातून वजा होते.

आता कोटेशन. ‘किचन रिपेअर, एकूण दोन लाख ऐंशी हजार’ अशी एका ओळीची चिठ्ठी कुचकामी आहे. प्रत्येक कामाची वेगळी ओळ हवी: छताचं प्लास्टर किती चौरस फूट, पाइप किती रनिंग फूट, वायरिंगचे किती पॉइंट; माल किती, मजुरी किती, जीएसटी किती. ठेकेदाराकडून दोन कागद करून घ्या. एकावर फक्त या घटनेनं मोडलेलं, पूर्वी होतं त्याच दर्जाचं. दुसऱ्यावर तुमच्या हौसेचं आणि जुन्या दुखण्याचं: साध्या लादीऐवजी व्हिट्रिफाइड, सगळ्या घराचं वॉटरप्रूफिंग, गंजलेल्या सळ्या. दुसऱ्या कागदाचे पैसे तुमच्या खिशातून जाणार. दोन्ही एकत्र आले की सर्व्हेअर नुसत्या त्या ओळी खोडत नाही, उरलेल्या ओळींकडेही संशयानं पाहू लागतो, आणि त्यात त्याचं फार चुकतं असं मला वाटत नाही.

राडारोडा उचलण्याचा खर्च वेगळा दाखवा. दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत तो मिळतो. आर्किटेक्ट, इंजिनिअर यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडलेलं असेल तर वजन पडतं.

प्लास्टर फोडल्यावर आत आणखी काही निघालं, तर काम तिथेच थांबवून सर्व्हेअरला लेखी कळवा आणि त्यानं पुन्हा पाहिल्याशिवाय ते बुजवू देऊ नका. गवंडी घाई करतील, दिवस फुकट जातो म्हणतील. जाऊ द्या.

‘क्लेम मी काढून देतो, सह्या तेवढ्या करून ठेवा’ म्हणणारे ठेकेदार भेटतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. नुकसान ठरवण्याचा परवाना सर्व्हेअरकडे असतो, ठेकेदाराकडे नव्हे. आणि फुगवलेल्या बिलाची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. बिल खोटं ठरलं तर सगळा दावा जाऊ शकतो.

पैशांचं आधीच स्पष्ट करा. दाव्याची पूर्ण रक्कम बहुतेक वेळा काम होऊन पक्की बिलं दिल्यावरच हातात येते. ठेकेदार तेवढं थांबत नाही. म्हणून करारात टप्पे लिहा, पैसे बँकेतून द्या आणि शेवटचा हप्ता एक पाऊस जाईपर्यंत राखून ठेवा. काम सोसायटीचं असेल तर एका बिलाला ३० हजार किंवा वर्षाला एक लाखाच्या वर गेल्यावर टीडीएस कापावा लागतो: ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा फर्म असेल तर २ टक्के.

विमा नियामक इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल घ्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. रक्कम कापली तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. फी नाही, वकील चालत नाही. बाजू तुमची तुम्हीच मांडायची.