घरांत कोंडलेला मधुमेह

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत निर्धन प्रमेही मनुष्यास असें सांगितलें आहे कीं, त्यानें जोडा व छत्री टाकून शंभर योजनें किंवा अधिकहि चालावें. घरांत कोंडलेल्या वृद्धानें हा उपाय कसा करावा? २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली व ६५ वर्षांपुढील मंडळींनीं घरींच राहावें असें सरकारनें बजावलें, तेव्हां हा प्रश्न घरोघर उभा राहिला. मांडीचें हाड मोडलें अथवा पावसाळा लांबला, तरी तो आजहि उभा राहतोच.

शंभर योजनांचें मर्म अंतरांत नसून चालण्यांत आहे. चालता स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतो. त्या कामीं त्याला इन्सुलिनची फारशी अपेक्षा नसते. म्हणून प्रत्येक जेवणानंतर घरांतल्या घरांत दहा-पंधरा मिनिटें येरझारा घालाव्या. उभें राहवत नसेल त्यानें खुर्चीवर बसून पाय आळीपाळीनें उचलावे. जोडा टाकण्याची आज्ञा मात्र आज पाळूं नये. जुन्या मधुमेह्याचे तळवे बधिर होतात, खडा रुतला तरी कळत नाहीं; यास्तव घरांतहि मऊ पादत्राण असावें, आणि रात्रीं एखाद्या नातवंडानें आजोबांचे तळवे दिव्यापुढें पाहावे.

परंतु मोठा धोका निराळाच आहे. हालचाल नाहीं म्हणून भूक नाहीं, त्यांत एकादशी. आणि गोळी मात्र नेमानें घेतलेली! ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामें ठेवलें तर साखर एकदम उतरते. १०० मिलिलिटर रक्तांत ती ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं घाम, कंप, धडधड हीं लक्षणें होतात. पण वृद्धांत पुष्कळदां तीं दिसतच नाहींत. सासूबाई असंबद्ध बोलूं लागतात, मामंजी विनाकारण चिडतात, आणि घरचीं माणसें 'वय झालें' म्हणून गप्प बसतात. अशा वेळीं वयाला बोल लावण्यापूर्वीं बोटाचें रक्त तपासावें. साखर उतरली असून रोगी शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींहि न घालतां तत्काळ रुग्णालय गाठावें.

ज्यांस अशीं औषधें चालू आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपवास करूं नयेच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे अल्पाहार, ही समजूतहि सोडावी; साबुदाणा बहुतांशीं निव्वळ पिष्टच आहे. हें सूनबाईंनीं सांगितलें तर मामंजींना राग येतो. मुलानें सांगावें, किंवा डॉक्टरांकडून वदवावें. दुर्बल वृद्धांची साखर तरुणांइतकी खालीं आणण्याचा हट्ट डॉक्टरहि हल्लीं धरीत नाहींत, हें त्याच वेळीं ऐकविलें म्हणजे ताटावरील रुसवा बराच ओसरतो.